पिल्लं रात्री दांडीवर झोपत नाहीत, तेव्हा काय करायचं

सगळ्यात आधी पिल्लांचा तो कोपऱ्यातला ढीग मोडा. दांडीचं त्यानंतर बघू.

तुमचा प्रश्न असा आहे: कोंबडीची आठ-नऊ आठवड्यांची बारा पिल्लं ब्रूडरमधून, म्हणजे दिव्याच्या उबेवर पिल्लं वाढवायच्या पेटीतून, खुराड्यात येऊन दोन आठवडे झाले. आत दोन दांड्या बसवल्यात, तरी अंधार पडला की सगळी एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसतात. दोन-तीन अंडी घालायच्या खोक्यात शिरतात. दिवसा एखादं दांडीवर उडी मारून बघतं, रात्री मात्र कुणीच वर जात नाही. आपण काही करायचं की नुसती वाट पाहायची, असं तुम्ही विचारलंय. करायचं आहे, आणि ते फार अवघडही नाही. फक्त रोज दिवस मावळताना अर्धा-पाऊण तास द्यावा लागेल आणि आठ-दहा दिवस खाडा चालणार नाही.

ढिगाचं आधी का म्हणते ते सांगते. कोंबड्या पाळायला लागले तेव्हा सुरुवातीलाच माझी चार पिल्लं एका रात्रीत गेली. संध्याकाळी धडधाकट होती. सकाळी दार उघडलं तशी बाकीची बाहेर पळाली आणि ती चार कोपऱ्यातच राहिली. चपटी झालेली, पिसं ओलसर, अंगावर एक ओरखडा नाही. वरच्यांच्या भाराखाली त्यांना श्वासच मिळाला नव्हता. पिल्लं मोठी झाली म्हणजे हा धोका टळला, असं धरून चालू नका. वजन वाढलेलं असतं, त्यामुळे खाली सापडलेल्याचे हाल जास्त. म्हणून आजच चारही कोपऱ्यांत जाड पुठ्ठा किंवा पातळ फळी वाकवून, नाहीतर तिरकी लावून काटकोन काढून टाका. फळीच्या मागे जी पोकळी उरते ती वरून बंद करा, नाहीतर पिल्लू तिच्यात पडून अडकतं. दाबून बसायला कोपरा मिळाला नाही की ढीग पसरतो, आणि पसरलेल्या ढिगात गुदमरायचा धोका बराच कमी होतो.

हे झालं की पिल्लं गारठली आहेत की नुसत्या सवयीने गोळा होतात, ते बघा. एक पिल्लू हातात घेऊन पाठीवरची आणि मानेखालची पिसं बोटाने उलटी करा. तिथे अजून मऊ लव दिसत असेल तर अंगावर पुरेशी पिसं आलेली नाहीत. साधारणपणे पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब आणि नंतर दर आठवड्याला तीनेक अंश कमी, असं करत पाच-सहा आठवड्यांत पिल्लं २०-२१ अंशांवर येतात आणि तोवर पिसंही भरतात. पण काही जातींना पिसं उशिरा फुटतात, तेव्हा आठवडे मोजण्यापेक्षा हाताला काय लागतं ते खरं. आवाजावरूनही कळतं. गारठलेलं पिल्लू चढ्या सुरात, तुटक तुटक ओरडत राहतं. सवयीने गोळा होणारी पिल्लं बारीक कुरकुरतात, एकमेकांच्या पंखाखाली डोकं खुपसतात आणि पाच-दहा मिनिटांत गप्प होतात. गारठत असतील तर दांडीचं आठवडाभर पुढे ढकला आणि रात्रीची थोडी ऊब परत द्या. गारठलेल्या पिल्लाला वर एकटं बसवलं तर ते खाली उतरणारच.

तुमची पिल्लं बहुधा दुसऱ्या प्रकारची आहेत. त्यांचं असं का होतं हे कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. आपल्या सगळ्या कोंबड्यांचा मूळ पूर्वज म्हणजे जंगलातला लाल रानकोंबडा. तो संध्याकाळी झाडावर चढतो, कारण कोंबडीच्या जातीला अंधारात फारच कमी दिसतं आणि रात्री जमिनीवर बसणं म्हणजे शिकाऱ्याच्या तोंडी जाणं. उंचावर जायची ओढ तुमच्या पिल्लांत आहेच, दिवसा जे एखादं उडी मारून बघतं ते त्याच ओढीने. पण रात्र झाली की वर जायचं, ही रीत पिल्लू आईकडून घेतं. खुडूक कोंबडी पहिले काही आठवडे पिल्लांना पोटाखाली घेऊन जमिनीवरच बसते. पुढे एक संध्याकाळ येते तेव्हा ती दांडीवर चढते आणि वरून बोलवत राहते. पिल्लं खाली सैरावैरा धावतात, ओरडतात, धडपडतात, आणि एकेक करत वर जाऊन तिच्या पंखाखाली घुसतात. दोन-तीन संध्याकाळी हा गोंधळ चालतो, मग संपतो.

ब्रूडरमधल्या पिल्लांना ती संध्याकाळ मिळालेलीच नसते. त्यांनी पाहिलेली रात्र म्हणजे दिव्याचा उजेड, खाली उबदार भुसा आणि शेजारी भावंडं. दिवा गेला, आता उरली भावंडं आणि कोपरा, म्हणून ती तिथेच आई शोधतात. यात पिल्लांचा काही दोष नाही. कुणीतरी त्यांना वर न्यायचं असतं, आणि इथे ते काम तुमच्याकडे आलंय.

पुढच्या वेळी मात्र हे इतकं लांबवू नका. दुसऱ्या आठवड्यापासूनच ब्रूडरमध्ये पाच-सात सेंटिमीटर उंचीवर एक बारीक काठी आडवी टाका, दिव्याच्या अगदी खाली न येईल अशी. पहिले चार आठवडे दांडीशिवाय वाढलेल्या कोंबड्या मोठेपणी उंच जागी चढायला-उतरायला अडखळतात आणि जमिनीवर जास्त अंडी घालतात, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. लहानपणी उडी आणि अंतराचा अंदाज बसला की तो टिकतो. नऊ आठवडे म्हणजे वेळ गेली असं मात्र नाही. मी अंड्यावर यायच्या बेतात असलेल्या तलंगांनाही, म्हणजे तरुण कोंबड्यांनाही, वर झोपायला लावलंय. फक्त जास्त दिवस लागले.

आता दांडीकडे वळू, कारण निम्म्या वेळा दोष तिच्यातच असतो. तुमची दांडी किती उंच आणि किती जाड आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. नव्याने शिकणाऱ्या पिल्लांसाठी पहिली दांडी जमिनीपासून २०-२५ सेंटिमीटरवर हवी. मोठ्या कोंबड्यांच्या हिशेबाने एकदम तीन फुटांवर बसवलेली दांडी पिल्लाला दिवसा उजेडात जमते, अंधुक प्रकाशात जमत नाही. उंच दांडी ठेवायचीच असेल तर मधे एक पायरी द्या आणि शिडीसारखी तिरकी चढण करा. चढण ४५ अंशांहून खडी नको. आणि उतरण्याचाही विचार करा. कोंबडीला चढण्यापेक्षा उतरणं कठीण जातं आणि सकाळी खाली आदळलेलं पिल्लू रात्री परत वर जायला कचरतं. उंचावरून कडक जमिनीवर रोज उडी पडली तर पुढे तळपायाला गाठी येतात, त्या चिघळतात. दांडीसमोर उतरायला मोकळी जागा आणि खाली भुशाचा जाड थर ठेवा.

दांडी लाकडाचीच घ्या. लोखंडी किंवा प्लॅस्टिकचा पाइप बुळबुळीत असतो, थंडीत गार पडतो. मोठ्या कोंबडीला चार-पाच सेंटिमीटर रुंदीची चपटी पट्टी, कडा रंध्याने गोल केलेली, अशी सगळ्यात मानवते. पिल्लांना सध्या तीन-चार सेंटिमीटर पुरे. बारीक काठीची हौस करू नका. कोंबडी झोपताना छातीच्या हाडावर भार टाकते, आणि वाढत्या वयात ते हाड कोवळं असतं. अरुंद कडेवर रोज रात्र काढली तर ते वाकडं होऊ शकतं. रुंद पट्टीवर भार पसरतो, आणि थंडीत बोटं पिसांखाली झाकली जातात. कोंबडी झोपेत पडत कशी नाही, असं बरेच जण विचारतात. ती पाय दुमडून खाली बसली की पायामागची कंडरा ताणली जाते आणि बोटं दांडीभोवती आपोआप मिटतात. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पिल्लाला वर बसवताना तिचाच उपयोग होतो.

जागेचं म्हणाल तर युरोपीय संघाच्या १९९९ च्या निर्देशात पिंजऱ्याबाहेर पाळलेल्या अंड्यावरच्या प्रत्येक कोंबडीमागे किमान १५ सेंटिमीटर दांडी, दोन दांड्यांत ३० सेंटिमीटर आणि भिंतीपासून २० सेंटिमीटर अंतर सांगितलंय. तो कमीत कमी आकडा झाला. घरच्या खुराड्यात कोंबडीमागे २०-२५ सेंटिमीटर दिलीत तर भांडणं बरीच कमी होतात. दोन दांड्या असतील तर सध्या दोन्ही सारख्याच उंचीवर ठेवा. एक उंच आणि एक बुटकी असली की सगळ्यांना उंच हवी असते आणि रोज संध्याकाळी ढकलाढकल होते.

अंड्यांची खोकी आजच बंद करा, पुठ्ठा ठोकून. अजून अंडी यायला कितीतरी अवकाश आहे, आणि खोक्यात झोपायची सवय एकदा लागली की ती मोडणं दांडीची सवय लावण्यापेक्षा अवघड. कोंबडीच्या दिवसभराच्या विष्ठेतला मोठा भाग रात्री पडतो. तो सगळा खोक्यात साचेल आणि पुढे अंडी त्यातच पडतील. पहिलं अंडं यायच्या दोन-तीन आठवडे आधी, म्हणजे सोळाव्या-सतराव्या आठवड्याच्या सुमाराला, खोकी उघडा. आणि खोकी उघडाल तेव्हा दांडी त्यांच्यापेक्षा उंच असू द्या. झोपायला कोंबडी खुराड्यातली सगळ्यात उंच जागा शोधते, आणि खोक्याचं छप्पर दांडीहून उंच असेल तर ती तिथेच जाईल.

आता उजेड. पिल्लांना शिकवायची वेळ म्हणजे उजेड ओसरायला लागल्यापासून पूर्ण अंधार पडेपर्यंतचा अर्धा-पाऊण तास. खुराड्यात दिवा असेल आणि तो तुम्ही एकदम बंद करत असाल, तर पिल्लं जिथे उभी असतील तिथेच आंधळी होतात आणि घाबरून जवळच्या अंगाला चिकटतात. तिथूनच ढीग सुरू होतो. दिवा नकोच. लावावा लागत असेल तर आधी मोठा बंद करा, एक मंद दिवा अर्धा तास राहू द्या, मग तोही बंद करा. मंद दिवा दांडीच्या बाजूला ठेवा, कोपऱ्याच्या बाजूला नाही. ब्रूडरच्या सवयीने पिल्लं उजेडाकडे सरकतात, तर उजेड दांडीपाशी असू दे. संध्याकाळच्या खाण्याची वेळही थोडी अलीकडे आणा, म्हणजे पिल्लं भरल्या पोटी आत येतील आणि दाणे शोधत खालीच रेंगाळणार नाहीत.

आणि आता हाताने बसवणं. अंधार जवळजवळ पडला, पिल्लं खाली गोळा झाली, की आत जा. हातात मंद बॅटरी, जमल्यास लाल काच किंवा लाल कागद लावलेली. लाल उजेडात पिल्लं कमी बावरतात. बोलायचंच असेल तर रोज एकाच सुरात, हळू. ढिगाच्या कडेचं एक पिल्लू दोन्ही हातांत घ्या, पंख अंगाला मिटलेले राहतील असं. ते क्षणभर ओरडेल, मग गप्प होईल. त्याची छाती दांडीला हलकेच टेकवा. छातीला काही लागलं की कोंबडी आपणहून एक पाऊल वर टाकते. पाय दांडीवर आले तरी लगेच सोडू नका. पाठीवर तळवा ठेवून बोटभर खाली दाबा, म्हणजे ते बसतं होईल आणि बोटं मिटतील. तळव्याखाली त्याचा श्वास जाणवतो, आधी भराभर, मग सावकाश. डोळ्यांवर खालून पापणी चढायला लागली की हात उचला. पुढचं पिल्लू अगदी त्याला खेटून ठेवा. एकटं बसवलेलं पिल्लू भावंडांच्या दिशेने खाली उडी मारतं. दोन्हीकडून अंग लागलेलं असलं तर नाही.

बाराच्या बारा पिल्लांना असं बसवायला पहिल्या रात्री वीसेक मिनिटं लागतील. त्यातली निम्मी उतरतील. दोनदा परत बसवा, तिसऱ्यांदा हट्ट करू नका. पाठलाग तर अजिबात नको. अंधारात हाताची भीती बसली की सगळं मुसळ केरात. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री उतरणारी कमी होतात. चौथ्या-पाचव्या रात्रीच्या सुमाराला तुम्ही आत जाल तेव्हा दोन-तीन पिल्लं आधीच वर असतील. माझ्या अनुभवात सगळ्यात आधी वर जाणारी पिल्लं बहुतेक तीच असतात जी दिवसा दांडीवर उडी मारत होती. त्यांना जपा. ती वर स्थिर झाली की बाकीची त्यांच्यामागे येतात, आणि आठवडा-दहा दिवसांत एखाददुसरं सोडून सगळी चढलेली असतात. मधे एक रात्र चुकली तर मोडलेला ढीग पुन्हा जमतो, म्हणून खाडा करू नका म्हटलं.

शांत स्वभावाची, आधीपासून दांडीवर झोपणारी एखादी मोठी कोंबडी तुमच्याकडे असेल तर तिला सोबत ठेवून बघा. तिच्यामागे काम निम्म्यावर येतं. पण एकदम पाच-सहा मोठ्या कोंबड्यांत पिल्लं सोडू नका. मोठ्या कोंबड्या दांडीवरची जागा आपली मानतात आणि चोचीने हाणून पिल्लांना खाली पाडतात. मार खाल्लेली पिल्लं मग खोक्यात नाहीतर कोपऱ्यात लपतात. एकत्र ठेवायचीच वेळ आली तर पिल्लांना वेगळी दांडी द्या आणि मोठ्या झोपल्यावर अंधारात बसवा.

जातीचा विचारही करायला हवा. सिल्की जातीची पिसं उडायच्या कामाची नसतात. त्या बहुधा खालीच दाटीने झोपतात आणि त्यांना खालीच कोरडी गादी देणं योग्य. ब्रह्मा, कोचीन अशा भारी जातींना २०-३० सेंटिमीटरवर रुंद फळी पुरे. मांसासाठी वाढवलेल्या ब्रॉयलरचं वजन पायांना झेपत नाही, त्यांना दांडीवर चढवायचा आग्रह धरू नका.

खुराड्याऐवजी पिल्लं झाडावर चढायला लागली तर ती रात्री खुराड्यातच बसतील असं बघा. आठवडाभर पूर्ण कोंडून ठेवा, खाणं-पाणी आतच. मग दुपारनंतर थोडा वेळ सोडा आणि दिवस मावळायच्या आधी आत दाणे टाकून बोलवा. पहिल्या दोन-तीन संध्याकाळी जी झाडावर जातील त्यांना खाली काढून आत आणा, कंटाळा करू नका. आणि झोपायला गेल्यावर दार लावायचं विसरू नका. दांडीवर स्तब्ध बसलेली कोंबडी पळत नाही, तिला सहज उचलून नेता येतं.

एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. आधी नीट दांडीवर झोपणारी पिल्लं अचानक वर जायची थांबली, तर तो सवयीचा प्रश्न नाही. बॅटरी घेऊन अंधार पडल्यावर तासाभराने दांडीची खालची बाजू, सांधे, खाचा बघा. कोंबड्यांचा लाल माइट, म्हणजे रक्त पिणारा बारीक किडा, दिवसा तिथे लपतो आणि रात्री रक्त प्यायला बाहेर येतो. पांढरा कागद दांडीखालून घासला आणि त्यावर लालसर रेघा उठल्या, तर कारण सापडलं. दांडी काढून घासा, उकळतं पाणी ओता, उन्हात वाळवा आणि उपचाराचं पशुवैद्यकांना विचारा. एकच पिल्लू खाली राहत असेल तर त्याचा तळपाय बघा, सुजलाय का, काळी खपली आहे का. एक पाय पुढे आणि एक मागे असा ताणून पडत असेल तर मरेक्स या पाय लुळे पाडणाऱ्या विषाणूच्या रोगाचा संशय घ्या आणि त्याला लगेच वेगळं ठेवा. पिसं फुलवून, मान आखडून बसत असेल आणि विष्ठेत रक्त दिसत असेल तर रक्ती हगवण असू शकते, त्यात दिवस घालवू नका.

दांडीवर झोपलेली कोंबडी तपासायला सगळ्यात सोपी असते. मी आठवड्यातून एक रात्र प्रत्येकीच्या गळ्याखाली बोटं लावून पोतं, म्हणजे खाल्लेले दाणे साठतात ती पिशवी, भरलंय का बघते. संध्याकाळी ते दाण्यांनी टम्म असायला हवं. मग छातीचं हाड, मग पाय. दिवसा हे करायचं तर अर्धा तास धावपळ, रात्री प्रत्येकीला मिनिटही लागत नाही.

दांडीखाली एक सपाट फळी बसवा आणि रोज सकाळी खरवडा. भुसा कोरडा राहतो, अमोनियाचा उग्र वास येत नाही, आणि कुणाची विष्ठा पातळ आहे ते लगेच दिसतं. हवा खेळायला झरोके दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर हवेत. अंगावरून झोत जाईल अशा उंचीवर असले की पिल्लं त्या टोकाला बसायचं टाळतात.

आजपासून रोज रात्री, तुम्ही हात लावायच्या आधी, किती पिल्लं आपणहून वर होती तो आकडा लिहून ठेवा. पहिल्या रात्री शून्य असेल. तो तीन रात्री एकाच जागी अडला तर नवीन काही करण्याआधी दांडीची उंची थोडी कमी करून बघा, आणि दिवा किती वेळात मंद होतोय तेही तपासा.